घाट संपल्यावरचे ८७० किलोमीटर

१५ जून २०२४, शनिवार. पहाटे सव्वापाचला कॅनमोरच्या मोटेलात मला जाग आली ती आईंच्या चाहुलीनं. माझ्या सासूबाई अंगावर शाल घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. समोर थ्री सिस्टर्स म्हणतात ती तीन शिखरं, आणि सगळ्यांत उंच शिखराच्या टोकावर नुकतं पडलेलं ऊन. "आज हे सगळं मागं पडणार ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग बघून घेते," म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

आमच्या प्रवासाचा तो चौथा आणि शेवटचा दिवस. सरीहून रिजायनाला, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्राजवळून सस्कॅचेवनच्या सपाट रानात, आम्ही कायमचं राहायला निघालो होतो. नवरा, मी, सात वर्षांची ओवी आणि आई. नवऱ्याला रिजायनात नोकरी लागली होती. गाडी ट्रकवर चढवून पाठवायचे १,४०० डॉलर सांगितले होते, वर चौघांची विमानाची तिकिटं. म्हणून आपल्याच दहा वर्षं जुन्या कोरोलातून जायचं ठरवलं.

निघण्याआधी मी महिनाभर इंटरनेटवर शोधत होते. जे सापडलं ते सगळं घाटांबद्दल होतं: कोकिहाला हायवेचे चढ, रॉजर्स पासमधला बर्फ, ब्रेक कसे सांभाळायचे. शेवटच्या दिवसाबद्दल सगळ्यांचं एकच वाक्य, "पुढं सरळ रस्ता आहे." आमच्या वहीतही पहिल्या तीन दिवसांना तीन पानं होती आणि चौथ्याला दोन ओळी. सगळ्यात जास्त तयारी त्या चौथ्या दिवसाची हवी होती, हे आम्हाला रस्त्यावर कळलं. म्हणून हे लिहिते आहे.

आधी कागदांचं सांगते, कारण ती कामं निघण्यापूर्वीच उरकावी लागतात. ब्रिटिश कोलंबियात गाडीचा मूळ विमा आयसीबीसी या सरकारी कंपनीचा असतो, सस्कॅचेवनमध्ये एसजीआयचा. जुना विमा निघताना बंद करू नका. नव्या प्रांतात नोंदणी होईपर्यंत तो चालू असायला हवा, मग जुन्या नंबरप्लेट परत केल्या की उरलेल्या काळाचे पैसे मिळतात. मात्र दोन गोष्टी आधीच मागून घ्या: अपघात-दाव्यांचा इतिहास आणि ड्रायव्हिंगच्या नोंदींचा गोषवारा. नव्या ठिकाणी विम्याची सवलत ठरवताना त्यांचा उपयोग होतो. आम्ही २७ मे रोजी मागितले आणि आठवडाभरात मिळाले.

आरोग्यविम्याची धास्ती मला सर्वांत जास्त होती. पण प्रांत बदलणाऱ्याला मधल्या काळात उघडं पडू देत नाहीत. ब्रिटिश कोलंबियाचं संरक्षण, निघालो तो महिना आणि त्यापुढचे दोन महिने चालतं. सस्कॅचेवनचं, पोचल्यापासून तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतं. आमच्या बाबतीत ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर. आईंचं तसं नाही. त्या सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना लांबच्या मुक्कामासाठी मिळणाऱ्या व्हिसावर, आल्यात, त्यांना दोन्हीकडे सरकारी संरक्षण नाही. त्या व्हिसासाठी किमान एक वर्षाचा, एक लाख डॉलरचा खासगी वैद्यकीय विमा काढावाच लागतो. त्या कंपनीला प्रांत बदलल्याचं ईमेलनं कळवलं आणि उत्तर छापून गाडीच्या कप्प्यात ठेवलं. सोबत म्हातारं माणूस असेल तर हा कागद हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

आणि माझा परवाना. भारतात मी फक्त स्कूटी चालवली होती. इथं पहिल्या पायरीपासून सुरुवात केली, आधी 'एल', म्हणजे शिकाऊ, मग 'एन', म्हणजे नवशिकी. रस्त्याच्या परीक्षेत एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. गाडीच्या मागं 'एन'ची हिरवी पाटी. या टप्प्यात घरच्यांखेरीज एकच प्रवासी नेता येतो, आणि 'घरचे' म्हणून जी नाती मोजतात त्यांत सासू आहे का, हे मला नियमांत स्पष्ट सापडेना. मात्र शेजारी पंचवीस वर्षांवरचं, पूर्ण परवाना असलेलं माणूस बसलं असेल तर ही मर्यादा राहत नाही. म्हणून ठरवलं की मी चालवेन तेव्हा नवरा पुढं माझ्याशेजारी बसेल, मागं झोपणार नाही.

पहिले तीन दिवस थोडक्यात. १२ जूनला सरी ते कॅमलूप्स. कोकिहालावर पाऊस लागला, शेजारून जाणाऱ्या ट्रकांचं पाणी काचेवर यायचं आणि दोन-तीन सेकंद काही दिसायचं नाही. होप गावाच्या पुढं गाडी मी घ्यायची ठरली होती. मी घेतली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, भीतीपेक्षा आपण शब्द फिरवला याचंच जास्त लागलं. १३ तारखेला कॅमलूप्स ते गोल्डन. वाटेत क्रेगेलाकीला थांबलो, जिथं ७ नोव्हेंबर १८८५ ला कॅनडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला. ओवीला तेव्हापासून रेल्वेचा नाद लागला. १४ला गोल्डन, लेक लुईझ, कॅनमोर. राष्ट्रीय उद्यानातून न थांबता जाणाऱ्याला पास लागत नाही, थांबलात तर लागतो. आम्ही कुटुंबाचा एक दिवसाचा पास घेतला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत चालतो, त्यामुळे घाई करू नका.

कॅनमोरची खोली महाग पडली, कर धरून ३१२ डॉलर. पण तिथं छोटी शेगडी होती आणि ती मी मुद्दाम बघून घेतली होती. रात्री आईंनी गुळाच्या दशम्या केल्या. लातूरकडं लांबच्या प्रवासाला दशम्याच नेतात, दुधात भिजवलेल्या पिठाच्या, दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. त्या दिवशी आम्ही बाहेर जेवलोच नाही, आणि ते फार बरं झालं. जड जेवण करून दुपारच्या उन्हात सरळ रस्त्यावर गाडी चालवणं किती कठीण असतं, ते पुढं सांगते.

सहाला निघालो. गाडी नवऱ्याकडे. बो नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे. एक्सशॉचा सिमेंटचा कारखाना गेला, आणि मग मॉर्लीच्या अलीकडे, स्टोनी नाकोडा या मूळ रहिवाशांच्या भूमीत, डोंगर एकाएकी दोन्ही बाजूंनी मागं सरले. मला वाटलं होतं हळूहळू लहान होत जातील. तसं नाही झालं. दार उघडून अंगणात यावं तसे आम्ही बाहेर आलो. पुढं हिरव्या टेकड्या, त्यावर घोडे, आणि गाडीला बाजूनं वाऱ्याचा धक्का. आई मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिल्या, आणि ओवीनं त्यांना जागा करून दिली.

कॅलगरीत एक सूचना. हायवे १ शहरातून जातो आणि तिथं सिग्नलच सिग्नल आहेत. त्याऐवजी स्टोनी ट्रेल हा वळसा घ्या. या रिंगरोडचा शेवटचा तुकडा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला, जुन्या लेखांत तो सापडणार नाही. शनिवारी सकाळी सातला तो मोकळा होता. शहरापलीकडं स्ट्रॅथमोरला पेट्रोल भरलं, लिटरला १.५७ डॉलर. सरीत आम्ही १.८९ नं भरलं होतं, त्यामुळे डोंगरातून येताना टाकी गरजेपुरतीच ठेवा आणि अल्बर्टात पूर्ण भरा. मात्र त्यापुढं उलट करा. अर्ध्यावर आली की भरा. पंप नाहीत असं नाही, पण एक चुकला तर पुढचा पन्नास किलोमीटरवर असू शकतो.

स्ट्रॅथमोर ते मेडिसिन हॅट हे अडीच तास मला सर्वांत लांब वाटले. वेग ताशी ११०, रस्ता दुहेरी, मध्ये रुंद गवताचा पट्टा. काही घडत नाही. घाटात दर मिनिटाला वळण येतं, डोळे कामात असतात. इथं डोळ्यांना कामच नाही. बासानो गेलं, ब्रूक्स गेलं. ब्रूक्सच्या पुढं नवऱ्याच्या बोलण्यातली वाक्यं अर्धवट सुटायला लागली. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याची नजर रस्त्यावर होती, पण पापणी हलत नव्हती. "थांबूया," मी म्हणाले. "अजून तासभर चालेल," तो म्हणाला. मागून आई म्हणाल्या, "थांबव रे. बैल बी नांगर वढताना थांबतो." त्यानं पुढच्या वस्तीला गाडी आत घेतली. वीस मिनिटं पाय मोकळे केले, तोंडावर पाणी मारलं. चार दिवसांत त्यानं एकट्यानं हजारावर किलोमीटर गाडी हाकली होती, कारण मी पहिल्याच दिवशी नाही म्हटलं होतं. हे मला तिथं त्या गवतात उभं राहून नीट दिसलं.

पावणेअकराला मेडिसिन हॅट. हायवेवरूनच सामिस टीपी दिसतो, मूळ रहिवाशांच्या तंबूच्या आकाराचा लोखंडी सांगाडा, वीसेक मजले उंच. तो १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकसाठी उभारला आणि नंतर इथं आणला. त्याच्याखाली बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. मग मी हात धुतले, नवऱ्याकडे किल्ली मागितली. तो काही बोलला नाही. त्यानं आरसे माझ्या उंचीला लावून दिले आणि शेजारी बसला.

पावणेबाराला मी गाडी हायवेवर घेतली. पहिली दहा मिनिटं हात इतके आवळलेले होते की मनगटं दुखायला लागली. मग लक्षात आलं की मागच्यानं वेग कमी म्हणून त्रासावं अशी गर्दीच नाही. उजव्या लेनमध्ये १०० वर राहिले. ज्याला जायचं तो डावीकडून गेला. नव्यानं शिकलेल्यांना माझं सांगणं आहे, घाटापेक्षा हा रस्ता सुरुवातीला घ्या. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ट्रक समोरून किंवा शेजारून गेला की वाऱ्याचा दाब एकदम कमी होतो आणि मग परत बसतो, तेव्हा चाक दोन्ही हातांनी धरा आणि झटका देऊ नका. दुसरं, हा दुहेरी रस्ता असला तरी शेतांचे कच्चे रस्ते थेट त्याला येऊन मिळतात. ट्रॅक्टर, पेरणीयंत्रं, गुरांचे ट्रेलर आडवे जातात. लांबून धूळ उठलेली दिसली की पाय वेगावरून काढा.

वॉल्श गाव गेलं आणि सस्कॅचेवनची पाटी आली. ओवी फोनमधलं घड्याळ बघत बसली होती, वेळ बदलणार म्हणून. बदलली नाही. अल्बर्टा तेव्हा उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करायचं, सस्कॅचेवन वर्षभर एकच वेळ ठेवतं, म्हणून त्या जूनमध्ये दोन्हीकडे सारखंच वाजत होतं. तुम्ही जाल तेव्हा दोन्हीकडची वेळ तपासून घ्या, आणि घरमालकाला पोचायची वेळ सांगताना याचा हिशेब करा. उजवीकडे दूर सायप्रस हिल्सची निळसर रेघ होती. मेपल क्रीकच्या अलीकडे ओवी ओरडली, "हरण!" ते प्रॉन्गहॉर्न होते, पाठ तांबूस, पोट पांढरं, सात-आठ जण कुंपणापाशी. आई म्हणाल्या, "आपल्याकडं हरभऱ्यात येतात तसेच. ह्यांनाबी कुणी हाकलत असंल."

इथून पुढं त्या बोलायला लागल्या. तीन दिवस डोंगरात त्या शांत होत्या. आता त्यांना कळणारं काही समोर आलं होतं. औसा तालुक्यात त्यांची अकरा एकर आहे, दीर बघतात. निघालो तेव्हा मृग लागून चार दिवस झाले होते आणि तिकडं पेरणीची धांदल होती. रोज रात्री त्या पावसाची चौकशी करत. आता त्या पिकाचे तास, म्हणजे ओळी, मोजायला लागल्या. "हे काय लावलंय गं? तूर न्हाई. लई बुटकं हाय."

मला माहीत होतं. निघण्यापूर्वी वाचलं होतं. "मसूर आहे, आई."

त्या गप्प झाल्या. कॅनडात पिकते त्यातली बहुतेक मसूर सस्कॅचेवनमध्ये पिकते आणि तिच्या मोठ्या गिऱ्हाइकांत भारत आहे. लातूरच्या मोंढ्यात डाळीचा भाव ठरतो तेव्हा या रानातल्या पिकाचाही त्यात वाटा असतो. २०१७ च्या डिसेंबरात भारतानं मसूर आणि हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क बसवलं, वाटाण्यावर त्याआधी ५० टक्के. मग २०२३ च्या डिसेंबरात पिवळा वाटाणा पुन्हा शुल्काविना येऊ दिला. त्या वर्षी दिरांनी हरभरा घरात ठेवायचा का विकायचा यावर पंधरा दिवस घालवले होते. आई एवढंच म्हणाल्या, "म्हंजे ही ती." आणि मग बऱ्याच वेळानं, "एवढ्या रानाला माणूस दिसंना कुठं."

खरोखर दिसत नव्हता. मैलभरात एक घर, चारी बाजूंना झाडांची भिंत वाऱ्यासाठी. रस्त्याला समांतर रेल्वे. एक मालगाडी आमच्याबरोबर बराच वेळ चालली, ओवीनं १३४ डबे मोजले. कॅनोला या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिवळ्या शेतांचे फोटो बघून जूनमध्ये येणाऱ्यांना एक सांगते, तो फुलतो जुलैत. जूनमध्ये सगळं हिरवं आणि मातीच्या ओळी दिसणारं असतं. मला ते जास्त आवडलं, कारण आईंना पीक ओळखता येत होतं.

गल लेकच्या आसपास पुढच्या खडीच्या ट्रकमधून एक दगड उडाला. काचेवर बंदुकीसारखा आवाज. मी किंचाळले, पण चाक हललं नाही. नवरा शांतपणे म्हणाला, "काही नाही. पुढं बघ." काचेवर डाव्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा टवका गेला होता. अशा वेळी काच गरम-थंड करू नका, म्हणजे एसीचा झोत काचेवर सोडू नका, नाहीतर टवक्याचा तडा होतो. आणि शक्य तितक्या लवकर भरून घ्या. आम्हाला नंतर ७० डॉलर पडले, काच बदलली असती तर कितीतरी जास्त. ट्रकपासून अंतर ठेवा हे सगळे सांगतात. मी सांगते, प्रेअरीत, म्हणजे या सपाट गवताळ मुलखात, ते दुप्पट ठेवा.

स्विफ्ट करंट वीस किलोमीटर असताना ईशान्येला आभाळ काळं झालं. इथं वादळ तासभर आधी दिसतं. त्याचा फायदा घ्यायचा असतो आणि आम्हाला ते माहीत नव्हतं. नवऱ्यानं वेदरकॅन हे सरकारी हवामान ॲप उघडलं. गारांसह वादळाचा इशारा, आणि ढग आमच्याच वाटेवर. रस्त्यांच्या स्थितीसाठी सस्कॅचेवनची हायवे हॉटलाइन आहे, अल्बर्टाला ५११ आणि ब्रिटिश कोलंबियाला ड्राइव्हबीसी. तिन्ही निघण्यापूर्वी फोनमध्ये घाला, कारण मध्ये-मध्ये रेंज जाते. दोन वाजून दहा मिनिटांनी मी हायवे सोडून गावात शिरले आणि एका दुकानाच्या पत्र्याच्या छताखाली, मोकळी जागा होती तिथं, गाडी लावली. पुलाखाली थांबू नका. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही आणि रस्ता अडतो.

आम्ही आत गेलो आणि गारा सुरू झाल्या. हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. पत्र्यावर इतका आवाज की ओवीनं कान झाकले. आई काचेपाशी उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी त्यांचा हात धरला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा त्यांचा काढायला आलेला गहू आणि हरभरा एका दुपारी गेला होता. सासरे तेव्हा होते. ते तीन दिवस रानात गेले नाहीत. "त्या मसुरीवर पडल्या असतील का?" आईंनी विचारलं. दुकानात बसलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याला मी विचारलं. तो म्हणाला की पट्ट्यापट्ट्यानं पडतात, एकाचं जातं आणि कुंपणापलीकडच्याचं राहतं, आणि पीक लहान असताना पडल्या तर मसूर बुडातून परत फुटू शकते. इथं गारांचा वेगळा विमा असतो, गावगावच्या संस्थांनी मिळून चालवलेला, १९१७ पासून. मी ते आईंना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला विचार, पैसे वेळेवर येतात का." मी विचारलं. तो हसला आणि त्यानं मान डोलावली. दोघांचं बोलणं मी पाऊण तास इकडून तिकडे नेत होते. खत किती टाकता, बी घरचं की विकतचं, पेरून झाल्यावर जमिनीवरून रोलर फिरवतात ते कशाला? मसूर जमिनीलगत कापावी लागते, दगड वर राहिले तर यंत्राचं पातं मोडतं, म्हणून दगड दाबून टाकतात. हे कळल्यावर आई मला म्हणाल्या, "शहाणी माणसं हायेत."

साडेतीनला निघालो. नवरा म्हणाला, "दे आता, मी घेतो." मी म्हटलं, "चॅपलिनपर्यंत मी नेते." हवा धुतलेली, रस्ता ओला, आणि चाकांखाली अजून पांढऱ्या गारा. वेग ९० वर ठेवला. चॅपलिनच्या तलावाकाठी पांढरे ढीग दिसले, आईंना बर्फ वाटला. ते सोडियम सल्फेट, तलावातूनच काढतात. त्याच खाऱ्या पाण्यावर हजारो किनारपक्षी येतात, पश्चिम गोलार्धातल्या त्यांच्या महत्त्वाच्या मुक्कामांपैकी हा एक. वीस मिनिटं थांबलो, आणि तिथून गाडी नवऱ्यानं घेतली. त्या दिवशी मी ३१० किलोमीटर चालवली होती. मागच्या सीटवर जाऊन बसले आणि ओवीच्या खांद्यावर डोकं टेकलं ते मूस जॉ येईपर्यंत उठले नाही. तिथल्या मूस या भल्यामोठ्या हरणाच्या प्रचंड पुतळ्यापाशी ओवीचा एक फोटो, पेट्रोल, आणि पुढचे सत्तर किलोमीटर.

पावणेसातला रिजायना. त्या दिवसात या शहरात सूर्य नवाच्या पुढं मावळतो, म्हणून उशीर होऊनही भरपूर उजेड होता. हे सोयीचं आहे, पण फसू नका. तिन्हीसांजेला रस्त्यावर हरणं येतात, उजेडातच पोचायचं ठेवा. दिवसभराचा हिशेब: ८७० किलोमीटर, पावणेतेरा तास, पेट्रोल ९६ डॉलर, चहा-कॉफी १९. घर रिकामं होतं. सामान नेणाऱ्यांनी १६ तारीख सांगितली होती, ते २४ला आलं. हवेच्या गाद्या, दोन पातेली आणि तांदूळ-डाळ गाडीत ठेवली होती, त्यावर आठ दिवस निघाले. तुम्हीही ठेवा.

गाडीतून उतरून आई घरात आल्याच नाहीत. मागच्या अंगणात गेल्या. इथंही पाऊस झाला होता. त्यांनी वाकून मूठभर माती उचलली, चिमटीत दाबली, तळहातावर वळली. तिची लांब वात झाली, तुटली नाही. काळी, चिकट, चपलेला धरून वर येणारी. रिजायनाच्या आसपास अशीच भारी चिकणमाती आहे, ओली फुगते, वाळली की भेगाळते, आणि मातीशास्त्रात ती आपल्या मराठवाड्याच्या काळीच्याच वर्गात मोडते. इथल्या घरांचे पाये तिच्यामुळेच तडकतात. घर भाड्यानं घेण्यापूर्वी तळघराच्या भिंतींना तडे आहेत का ते बघा, हे मला शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं. आईंनी दिरांना फोन लावला. तिकडं रविवारची सकाळ उजाडली होती. "वापसा आला का?" त्यांचा पहिला प्रश्न, म्हणजे ओली जमीन पेरणीजोगी झाली का. मग, "इथं बी काळीच हाय. उद्या येणार न्हाई वापसा, परवा."

सोमवारी, १७ जूनला, एसजीआयच्या एजंटाकडं गेलो. परवाना ९० दिवसांत बदलावा लागतो. जुना तिथं जमा करतात. माझा तिथंही नवशिक्या टप्प्यातलाच राहिला. बाहेरच्या प्रांतातल्या गाडीची आधी मान्यताप्राप्त गॅरेजात सुरक्षा-तपासणी करावी लागते. आम्हाला १३० डॉलर आणि पाच दिवसांनंतरची वेळ मिळाली. पुढच्या ब्रेकचे पॅड झिजले होते, घाटांनी. ते बदलायला २८० डॉलर गेले. म्हणून तपासणीचा खर्च धरताना हाताशी थोडे जास्त ठेवा. आरोग्यकार्डाचा अर्ज ऑनलाइन केला, त्यासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, भाडेकरार चालला. २६ जूनला नव्या नंबरप्लेट मिळाल्या. जुन्या पोस्टानं परत पाठवल्या.

३० जूनला रविवार होता. नवरा घर लावत होता, ओवी त्याच्याजवळ राहिली. आईंना मूस जॉकडं न्यायचं होतं, मीच म्हटलं. आम्ही दोघीच गेलो. हायवे सोडून एका कच्च्या रस्त्यावर गाडी बाजूला लावली. शेतात पाय टाकू नका, परक्या मातीबरोबर रोग जातात म्हणून इथं शेतकऱ्यांना ते आवडत नाही. आई बांधावरच बसल्या, कुंपण नव्हतं. पीक वीतभर झालं होतं. त्यांनी हात न लावता खाली वाकून पाहिलं, एक तास, मग शेजारचा.

"खोड बारीक हाय," त्या म्हणाल्या. "पण कळी धरायलीय. चार-सहा दिवसांत फुलंल."

वारा वाढायच्या आत आम्ही परत निघालो.